आतड्याचं अवधान

डॉक्टरांच्या डाव्या हाताची तर्जनी कायम निळी असायची. निवडणुकीच्या दिवसांत कुणीतरी हमखास विचारायचं, "काय डॉक्टर, मतदान आधीच उरकून आलात वाटतं?" त्यावर डॉक्टर हसत नसत. "ही शाई नव्हे," असं म्हणून तो रंग कशाचा, बोटाला कसा लागला आणि कशासाठी वापरतात, हे सगळं ते पहिल्यापासून सांगायला लागत. विचारणारा बिचारा सुटकेची वाट बघत उभा राही. विनोद त्यांना कळत नसे असं नाही. पण कुणी विचारलं आणि आपण नीट सांगितलं नाही, तर ते त्यांना पाप केल्यासारखं वाटायचं.

मी तेव्हा, नव्वदच्या दशकात, नगरला पॅथॉलॉजीची लॅब चालवत होते. ऑपरेशनमध्ये काढलेला भाग तपासायचा, त्यात रोग आहे का आणि असला तर कुठवर पोचलाय, हे सर्जनला लिहून कळवायचं, हा माझा धंदा. डॉक्टर सर्जन होते. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारापासून फार लांब नाही अशा एका गावात त्यांचा छोटा दवाखाना होता. बाजाराच्या दिवशी बाहेर झाडाखाली म्हशी बांधलेल्या आणि आत बाकावर म्हशींचे मालक बसलेले असायचे. नगरमधले सर्जन आपले नमुने माझ्याकडे कंपाउंडरबरोबर पाठवत. हे गृहस्थ मात्र स्वतः यायचे, एसटीने, मांडीवर झाकणाची मोठी बरणी घेऊन. एकदा कंडक्टरने तिकीट फाडता फाडता विचारलं, "काय डाक्टर, लोनचं चाललंय का पावन्यांकडं?" डॉक्टर म्हणाले, "नाही, आतडं आहे." आणि पेशंटचं नाव तेवढं सोडून बाकीचं सगळं त्याला सांगितलं. त्या दिवशी नगर येईपर्यंत त्यांच्या शेजारी कुणी बसलं नाही.

मला ते डॉक्टरीणबाई म्हणायचे. मला ते अजिबात आवडायचं नाही आणि तसं मी त्यांना तोंडावर सांगितलंही होतं. "डॉक्टर म्हणून हाक मारली तर मलाच मी हाक मारतोय असं वाटतं," हे त्यांचं उत्तर. यावर भांडावं तरी कसं? बरणी टेबलावर ठेवून ते खुर्ची ओढायचे आणि माझं काम पुरं होईपर्यंत उठायचे नाहीत. दुसऱ्या कुणाला मी असं मानगुटीवर बसू दिलं नसतं.

आता हे बरणीचं प्रकरण जरा सांगायला हवं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर काढताना आतड्याच्या तुकड्याबरोबर त्याला लागून असलेली चरबीही काढतात. त्या चरबीत बारीक बारीक गाठी असतात, लसिका ग्रंथी म्हणतात त्या. रोग आतड्यातून बाहेर पडायला लागला की बहुधा आधी त्या गाठींत जाऊन बसतो. गाठी स्वच्छ असल्या तर माणूस सुटला असं पुष्कळदा म्हणता येतं. एकीत जरी रोग सापडला तरी तो पुढे गेला असण्याची भीती, म्हणून मग औषधाची इंजेक्शनं, महिनोन्महिने. म्हणजे सगळं त्या गाठी सापडण्यावर आलं, आणि नेमक्या त्याच लवकर सापडत नाहीत. पिवळ्या चरबीत पिवळसर गाठ, एखादी हरभऱ्याएवढी, एखादी मोहरीएवढी. आम्ही चरबी चिमटीत चुरत बसायचो. तांदूळ निवडताना खडा लागावा तशी गाठ बोटाला लागली तर लागली. न लागलेल्या गाठींचं काय, हा प्रश्न तेव्हा आमच्याकडे फारसं कुणी विचारत नव्हतं. डॉक्टर विचारायचे, आणि दर वेळी विचारायचे.

भगंदराच्या ऑपरेशनमध्ये आतली वाट शोधायला निळा रंग सोडतात, हे कुठल्याही सर्जनला ठाऊक असतं. मेथिलीन ब्लू त्याचं नाव. वाट दाखवणारा रंग गाठ का दाखवणार नाही, असं डॉक्टरांच्या मनात आलं. आतडं काढलं, की ते टिकवण्यासाठी फॉर्मॅलिनमध्ये घालण्याआधीच चरबीतल्या धमनीच्या तोंडात बारीक सुई सरकवायची, डाव्या तर्जनीने ते तोंड दाबून धरायचं आणि पातळ केलेला रंग हळूहळू सोडायचा. हातमोज्यातून धमनी कळत नाही म्हणून हे काम ते उघड्या बोटाने करत. मी त्यावरून त्यांना पुष्कळ बोलले, पण ते काही सुधारले नाहीत. थोड्या वेळाने चरबी पिवळीच राही आणि तिच्यात निळे ठिपके उमटत. हे आणखी कुठे कुणी करत होतं का, मला माहीत नाही. त्यांनी तरी ते कुठे वाचलेलं नव्हतं.

पहिल्यांदा त्यांनी असली बरणी आणली तेव्हा मी उघडून बघितलं आणि चिडले. माझा नमुना कुणीतरी खराब केला असंच मला वाटलं. मग सुरी घेतली, चरबीचा पहिला काप केला, आणि नेहमी ज्या शोधायला अर्धी दुपार जायची त्या गाठी समोर मांडून ठेवल्यासारख्या दिसल्या. डॉक्टर खुर्चीत बसून माझ्या तोंडाकडे बघत होते. मी त्या मोजायला लागले. मागवलेला चहा त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच पूर्ण प्यायला.

गावात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही, कारण डॉक्टर ते उघड्यावर करत. काढलेला भाग नातेवाइकांना ट्रेमध्ये दाखवायची आपल्याकडे रीतच आहे. सर्जन दारात येतो, झाकण उचलतो, बायका पदर तोंडाला लावतात, पुरुष मान हलवतात आणि ट्रे आत जातो. डॉक्टर ट्रे व्हरांड्यातल्या टेबलावर ठेवून नातेवाइकांना भोवती उभं करत आणि त्यांच्यासमोर रंग सोडत. बाजारात लोक म्हणू लागले, "डाक्टर आतडी नीळ घालून धुतो." डॉक्टरांना ते कळलं तेव्हा त्यांनी धुण्याची नीळ आणि हा रंग यांतला फरक समजावून सांगायला सुरुवात केली. कपाळाला हात लावायची वेळ यायची ती अशी.

नगरला डॉक्टर लोकांची एक बैठक होती, तिथे आमच्या डॉक्टरांनी हे सगळं मांडलं. मीही होते. ते सांगून खाली बसतात न बसतात तोच एक जाडजूड सर्जन मागून म्हणाले, "रंगसुद्धा तुम्हाला निळाच बरा सापडला." दोघं-तिघं हसले. डॉक्टर बौद्ध कुटुंबातले, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. डॉक्टर पुन्हा उभे राहिले आणि म्हणाले, "लाल आणि पिवळा आतड्यात आधीच असतो. वेगळं दिसायला निळाच लागतो." एवढंच म्हणून ते बसले. मला आजही सांगता येत नाही, की त्यांनी त्या टोमण्याला उत्तर दिलं की शंका विचारली असं समजून तिचं निरसन केलं. 

त्यांची आई लोकांच्या शेतावर राबायची, वडील शाळेत शिपाई होते. लहानपणाबद्दल ते फार बोलत नसत. एकदा मात्र माझ्या रिपोर्टवरून वाद झाला. मी रिपोर्ट इंग्रजीत लिहायचे, सगळेच लिहितात. ते म्हणाले, पेशंटला द्यायला खाली मराठीत चार ओळी लिहा. मी म्हटलं, पेशंटला त्यातलं काय कळणार? तेव्हा ते जे बोलले ते मी विसरले नाही. "कळू नये म्हणून लिहिलेलं आमच्या लोकांनी खूप पाहिलंय, डॉक्टरीणबाई. त्याच्याच शरीराबद्दल मी त्याला न कळेल असं बोलणार नाही." त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, पेशंटला जे कळत नाही ते त्याच्या अंगी लागत नाही. औषधसुद्धा लागत नाही, असंही पुढे जोडायचे. कॅन्सर आहे हे पेशंटला सांगू नका, म्हणून नातेवाईक पाया पडत. डॉक्टर त्यांना बाहेर बसवत आणि पेशंटला आत बोलावून सगळं सांगत. "तुमीच काय ते बघा," असं कुणी म्हटलं की त्यांचा पारा चढे. "पोट कुणाचं? मग बघायचं कुणी?"

तर या गाठींना पेशंटजवळ काय म्हणायचं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. नुसतं गाठ म्हणावं तर कॅन्सरलाही लोक गाठच म्हणतात. त्यांनी शब्द काढला तो आईच्या तोंडचा. पायात काटा मोडला, बोट पिकलं, की जांघेत गाठ येते. हाताला लागलं की काखेत येते. तिला आपल्याकडे अवधान म्हणतात. पुस्तकात अवधान म्हणजे लक्ष. डॉक्टर म्हणायचे, दोन्ही एकच आहे, जखम कुठे झाली तिकडे शरीराचं लक्ष गेलेलं असतं आणि ते तिथे गोळा होऊन बसतं. मग ते पेशंटला सांगत, "काटा पायात आणि अवधान जांघेत, खरं ना? तसा हा कॅन्सर आतड्यात, आणि त्याचं अवधान या चरबीत." खेड्यातला माणूस क्षणात मान डोलवायचा. मला वैद्यकाच्या शिक्षणात जे समजायला बराच काळ लागला होता, ते ते एका वाक्यात सांगून मोकळे व्हायचे. मला त्यांचा हेवा वाटायचा, आणि डॉक्टरांना त्या शब्दाचा अभिमान होता. त्यांना अभिमान वाटावा असं दुसरं काही मी पाहिलं नाही.

सांगून झालं की परीक्षा. टाके काढायच्या दिवशी पेशंटला समोर बसवून ते विचारत, "आता तुम्ही सांगा, मी काय केलं?" उत्तर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. बाहेर पेशंट खोळंबलेले, आत शिकवणी चाललेली. एका म्हातारीने वैतागून सांगितलं, "तुमी माजं पोट फाडलं, आन् आता डोस्कं खाताय." डॉक्टरांनी तिला अर्ध्या गुणांवर सोडलं.

या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवणारा एकच माणूस मला माहीत आहे. तो पाथर्डीकडचा मुकादम होता. पाथर्डीकडची पुष्कळ माणसं दसरा-दिवाळीला घरदार बंद करून ऊस तोडायला कारखान्यांवर जातात, तशी एक टोळी तो दर वर्षी न्यायचा. पन्नाशीचा, उंच, बोलायला हुशार. शौचातून रक्त जातंय म्हणून आला. डॉक्टरांनी तपासून कॅन्सर असल्याचं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मंग काडा." ऑपरेशन चांगलं झालं. व्हरांड्यात त्याची बायको आणि धाकटा भाऊ यांच्यासमोर रंग सोडला गेला. निळे ठिपके उमटले तशी बायकोने विचारलं, "हे अवधान व्हय?" डॉक्टर इतके खूश झाले, की मला बरणी देताना त्यांनी आधी ते सांगितलं आणि मग नमुन्याबद्दल. त्याआधी ती बरणी त्यांनी शुद्धीवर आलेल्या मुकादमालाही दाखवली होती. "निळ्यात सगळं दिसतं," हे वाक्यही तेव्हा त्यांच्या तोंडून गेलं होतं.

त्या चरबीत भरपूर गाठी सापडल्या आणि एक सोडून सगळ्या स्वच्छ होत्या. ती एक धमनीच्या मुळाशी दडलेली होती, ज्वारीच्या दाण्याएवढी. अर्धी निळी आणि अर्धी फिकट, कारण जिथे रोग भरला होता तिथे रंग शिरला नव्हता. बोटांनी ती मला कधीच सापडली नसती, हे मी शपथेवर सांगेन. मी सूक्ष्मदर्शकातून बघितलं, डॉक्टरांना बघायला सांगितलं. त्यांनी बराच वेळ डोळा हलवला नाही. "म्हणजे याला इंजेक्शनं द्यायची," ते म्हणाले. "रंग नसता तर याला आपण बरा झालास म्हणून घरी पाठवलं असतं."  मला बरं वाटलं. एक माणूस आपण हातून निसटू दिला नाही, असं आम्हा दोघांनाही वाटलं.

टाके काढायच्या दिवशी मुकादमाने दिलेलं उत्तर डॉक्टरांनी मला माझ्या लॅबमध्ये त्याच्याच चालीत म्हणून दाखवलं होतं. "माज्या आतड्यात काटा हुता. तुमी काटा काडला. काट्यापायी चरबीत अवधानं आल्ती, तीबी निळी करून काडली. एका अवधानात इख उतारलं हुतं, ते बरनीत गेलं. आता टाकं वाळलं की झालं." डॉक्टर म्हणाले, आणि इंजेक्शनं. तो म्हणाला, "व्हय, इंजेक्शनं." नगरच्या ज्या डॉक्टरांकडे ती घ्यायची होती त्यांना निरोप गेला होता. सगळं ठरलं होतं, आणि त्याची ऐपतही होती.

संक्रांत होऊन गेली होती. नगरचे ते इंजेक्शनवाले डॉक्टर काही कामाने माझ्याकडे आले होते. मी सहज विचारलं, आमचा मुकादम कसा आहे? त्यांना आठवायला वेळ लागला. "तो होय. एकदा येऊन गेला, मग फिरकलाच नाही. म्हटलं, तुमच्या डॉक्टरांनी दुसरीकडे सोय केली असेल." मी त्यांच्यासमोरच फोन उचलला आणि डॉक्टरांना सांगितलं.  तो शेवटचा कधी आला होता, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

रविवारी सकाळी ते माझ्या दारात उभे. मुकादमाची टोळी जिल्ह्यातल्याच एका कारखान्याच्या उसात आहे, हे त्यांनी पाथर्डीच्या दुसऱ्या पेशंटकडून काढून आणलं होतं. "गाडी आहे ना तुमची?" त्यांनी विचारलं. माझी रविवारची झोप गेली, नवऱ्याने तोंड वाकडं केलं, पण मी गाडी काढली.

दुपारी आम्ही उसाच्या फडात पोचलो. मुकादम बांधावर उभा राहून गाडी भरून घेत होता. आम्हाला बघून तो धावतच आला. अंगाने भरला होता, रंग उजळला होता. त्याने दोघांना पोत्यावर बसवलं, रस काढायला माणूस पिटाळला. डॉक्टरांनी सरळ विचारलं, "इंजेक्शनं का बंद केली?"

"आवं, कशाला पायजेत? बरा झालो की मी."

"एका गाठीत रोग सापडला होता, मुकादम. सांगितलं होतं मी."

"अवधानात. म्हायती हाय मला." तो समजूत काढल्यासारखा बोलत होता. "डाक्टर, आमचं समदं आयुक्ष ह्या तोडल्याल्या उसाच्या बुडक्यांवर गेलं. पाय फाटतो, जांगंत अवधान येतं, काटा निगाला की बसतं. अवधानाला कुनी औशिद करतं का?" त्याने ऊस तोडणाऱ्या एका गड्याला हाक मारली. "ह्याला परवा बुडका लागला. आवळ्याएवढं अवधान आल्तं. काय रं, हाय का अजून?" त्या गड्याने जांघ चाचपली आणि म्हणाला, "न्हाई, बसलं." मुकादम आमच्याकडे वळला. "बघा."

"हे अवधान तसलं नाही," डॉक्टर म्हणाले.

"अवधानात आनि तसलं-असलं काय आसतंय?"

"त्यात कॅन्सर आहे."

"हुता. तुमी काडला न्हवं? निळा झालेला म्या ह्या डोळ्यांनी बगितला."

"आणखी कुठे कण राहिला असेल. दिसत नाही असा."

"निळ्यात समदं दिसतं, आसं तुमीच म्हनला हुता," मुकादम म्हणाला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. डॉक्टरांचा त्यांच्याच बोलण्यावरचा विश्वास उडालाय, त्यांना धीर द्यावा, असा त्याचा सूर होता.

डॉक्टर तिथे उन्हात पुष्कळ वेळ बोलले. काटा, विष, बी, मुळं, जे जे सुचलं ते सांगितलं. मुकादमाने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी, या माणसाला वाईट वाटू नये म्हणून, तो म्हणाला, "बरं, कारखान्याचा पट्टा पडला की येतो. आता टोळी सोडून कसं येऊ?" पट्टा पडतो म्हणजे गळीत संपतं. ते संपायला उन्हाळा उजाडणार होता. त्याने आमच्या गाडीत उसाची मोळी टाकली. डॉक्टरांनी ती टाकू दिली.

परत येताना मीच म्हटलं, "तुम्ही त्याला चूक काही सांगितलं नव्हतं."

"मी बरोबर सांगितलं आणि त्याला चूक कळलं, तर ते बरोबर कसलं?" ते म्हणाले. मग मैल-दोन मैल गेल्यावर म्हणाले, "काटा निघाला की अवधान बसतं. माझी आईच सांगायची. तिचा अर्धा शब्द मी घेतला आणि अर्धा घरी ठेवला." मला त्यांचा रागही आला आणि कीवही आली. जगातल्या सगळ्या डॉक्टरांसारखं त्यांनी त्याला काही न समजेल असं सांगितलं असतं, तर तो घाबरून तरी आला असता, हे माझ्या मनात आलं.  त्यांच्याही मनात तेच असणार.

मुकादम शब्दाचा पक्का होता. पट्टा पडल्यावर तो आला, पण स्वतःच्या पायांनी आला नाही. डोळे पिवळे झाले होते, पोटात पाणी झालं होतं. रोग यकृतात पसरला होता, आणि तेव्हा आमच्या हातात त्याच्यावर काही नव्हतं. पोळ्याच्या आधी तो गेला. इंजेक्शनं घेऊन तो जगलाच असता असं मी म्हणणार नाही, ती घेऊनही जाणारे जातात. पण त्याला जी संधी मिळायला हवी होती ती ज्वारीच्या दाण्याएवढी होती, आणि ती आम्ही शोधून काढलेली होती.

डॉक्टर आता नाहीत. आजकाल सर्जन मला विचारतात, गाठी किती मिळाल्या, एवढ्या कमी का, आणि मला त्यांची आठवण होते. रंग त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. तो शब्द मात्र त्यानंतर मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. एकदा माझ्याच तोंडून निघाला, तर ते उठून खिडकीपाशी गेले. परीक्षाही त्यांनी बदलली. मी काय केलं हे विचारणं सोडून, "आता घरी गेल्यावर तुम्ही काय काय करणार, आणि का, ते सांगा," असं ते विचारू लागले. त्याला दुप्पट वेळ लागे, आणि बाहेरचे पेशंट दुप्पट कुरकुरत.

हे सगळं नंतरचं. त्याआधी, मुकादमाचं दहावं झाल्यावर, आम्ही पाथर्डीला त्याच्या गावी गेलो होतो. त्याच्या बायकोला भेटायला जायचंच, असं डॉक्टरांनी ठरवलं होतं. चूक आपली होती, तिला ते तिच्यासमोर बसून सांगायचं, एवढ्यासाठी ते निघाले होते. वाटेत त्यांनी मला ते दोनदा सांगितलं. अशाने तिचं दुःख हलकं होईल की वाढेल, असं मी विचारलं. ते म्हणाले, "तिला कळायला हवं."

घर साधं, शेणाने सारवलेलं. भिंतीशी तिने सतरंजी टाकली. मुकादमाचा भाऊ दारात उभा होता. डॉक्टर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "वहिनी, मला तुम्हाला एक सांगायचंय. मुकादमांच्या बाबतीत माझ्याकडून—"

"तुमी काय कमी केलं डाक्टर," ती म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. "लोकांची मानसं मोट्या दवाखान्यात जात्यात, कुनी काय सांगत न्हाई, भ्या घेऊन मरत्यात. ह्यांना तुमी आपल्या बोलीत समदं सांगितलं. शेवटपर्यंत भ्या न्हवतं त्यांना. जायच्या आदल्या दिवशी मला म्हनले, आगं, अवधान हाय, उतरंल. तुमच्यावर लई इस्वास हुता त्यांचा."

डॉक्टरांनी हातातला पेला खाली ठेवला.  तिने दाराकडे मान वळवून दिराला हाक मारली.

"भावजी, आत या. बसा हितं." आणि डॉक्टरांना म्हणाली, "ह्यांनाबी शौचाला रगत पडाय लागलंय, म्हयना झाला. तुमच्याकडंच घेऊन येनार हुते, तर तुमीच आलात. आता ह्यांनाबी तसंच समजावून सांगा."

भाऊ आत आला. मांडी घालून डॉक्टरांच्या पुढ्यात बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि ऐकायला थोडा पुढे वाकला. ती माउली पदर सावरून बाजूला उभी राहिली. डॉक्टर त्याच्या तोंडाकडे बघत होते, आणि त्यांना पहिला शब्द सापडत नव्हता.